चिरुटाची पेटी, फणसाची पट्टी

तीन तारांचा एक डबा करायला अख्खं वर्ष घालवणारा आणि वर्ष संपल्यावर घाई झाली म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर गोव्यात आमच्या पार्स्याला या. आमच्या परड्यात विहिरीच्या अंगाला पत्र्याची छपरी आहे, तिच्यात तो बसलेला असतो. आवाज देऊ नका. त्याला ऐकू येत नाही.

गोकूळदास माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो हाफ पँट घालून शाळेत जात होता, म्हणून भावजी वगैरे मी त्याला कधी म्हटलंच नाही. सरळ नावाने हाक मारते. आता त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झालेत, तरी मला तो तेवढाच दिसतो. फेरीबोटीवर इंजिनाचं काम बघतो. केरीहून तेरेखोल, तेरेखोलहून केरी, दिवसभर तीच नदी. ड्युटी संपली की घरी येऊन चहा घेतो आणि छपरीत शिरतो. त्याची बायको सुविधा म्हणते, माझ्या सवतीचं तोंड चौकोनी आहे.

सवत म्हणजे चिरुटाची पेटी. परदेशी चिरूट ज्या लाकडी पेटीतून येतात ती. पर्यटकांच्या हॉटेलांतून अशा पेट्या रिकाम्या होऊन कचऱ्यात जातात आणि कचऱ्यातून आमच्या घरी येतात. त्या पेटीला लाकडाची लांब मान बसवायची, मानेवर सतारीला असतात तसे तारेचे पडदे ठोकायचे, टोकाला खुंट्या, पेटीवर तारा पेलायला घोडी, वरून तीन तारा. झाली गिटार. सांगायला एवढंच आहे.

हे वेड त्याला बोटीवरच लागलं. एकदा ओहोटीला बोट रेतीत रुतली. भरतीची वाट बघत सगळे वैतागून उभे, आणि पिकल्या केसांचा एक परदेशी पाहुणा कठड्याला टेकून असली पेटी वाजवत होता. गोकूळ इंजिन सोडून वर आला आणि त्याने ती पेटी मागून घेतली, उलटीसुलटी केली, आत डोकावून पाहिलं. पाणी चढलं, बोट निघाली, तेरेखोल आलं. पाहुणा उतरायचा तो उतरलाच नाही, ह्याला दाखवत दाखवत पुन्हा केरीला आला. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. वेड्याला वेडा भेटला की भाषा लागत नाही.

मी घाईची बाई. चुलीवर एकीकडे आमटी, दुसरीकडे भाजी, मधल्या वेळात अंगण झाडून होतं. गोकूळ नुसती पेटी निवडायला घेतो तेवढ्या वेळात माझा स्वयंपाक होऊन, जेवणं होऊन, भांडी पालथी पडतात. तो पेटी कानाशी धरतो आणि बोटाने टकटक करत बसतो. मध्ये टकटक, कोपऱ्यात टकटक. मग ठेवून देतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी विचारलं, कालच्यापेक्षा आज काय वेगळं ऐकलंस? तर म्हणाला, काल हवा दमट होती.

असे आणखी आहेत, हे मला मागाहून कळलं. कारापूरचा बाबली, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. डिचोलीचे एक रिटायर्ड मास्तर. रविवारी तिघे छपरीत जमतात. एक पडदा केसभर इकडे की केसभर तिकडे, यावर दोनदा चहा होतो. वेळेच्या बाबतीत तिघेही सराईत खोटारडे. घरी सांगताना कमी सांगतात, एकमेकांना सांगताना जास्त. बाबलीने एकदा आठवड्यात गिटार करून आणली, तर बाकीच्या दोघांनी ती चोरीचा माल बघावा तशी बघितली. बिचारा ती परत घेऊन गेला आणि पुढे कितीतरी दिवस घासत बसला.

मी हसते खरी, पण एक गोष्ट मी विसरू शकत नाही. एकदा भर दुपारी मी त्याच्याशी भांडायलाच छपरीत गेले होते. नळाची तोटी गळत होती आणि त्याने आठवडाभर उद्या उद्या केलं होतं. तो पॉलिश पेपर घेऊन एक लाकूड घासत होता, आणि डोळे मिटून घासत होता. दोन ओढी घासायचा, थांबायचा, अंगठा फिरवायचा, पुन्हा घासायचा. तान्ह्या पोराला तेल लावावं तसा त्याचा हात चालत होता. मी दारात उभी राहिले ती राहिलेच. इतकं मन लावून मी आयुष्यात काही केलंय का, असं मनात आलं. मग गपचूप परत आले आणि तोटीला चिंधी बांधली.

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगते. हे म्हणजे पांडुरंग, गोकूळचे थोरले भाऊ. बसचे कंडक्टर म्हणून रिटायर झाले. धावत येणाऱ्या माणसासाठी ह्यांनी कधी बस थांबवली नाही. सख्खा सासरा मागे राहिला होता एकदा, माझा बाप. घरातही तसंच. पानं वाढली की जो बसला तो बसला. सासरे लवकर गेले, गोकूळला ह्यांनीच वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. त्यामुळे गोकूळ ह्यांना भाऊ मानत नाही, बाप मानतो, आणि बापापुढे जसं तोंड उघडत नाही तसंच ह्यांच्यापुढेही.

आमच्या मूळ घरची चवथ, म्हणजे गणपती, पाच दिवसांची. आरती म्हणजे ह्यांचा प्रांत. घुमट, म्हणजे चामडं ताणलेला मातीचा घडा, त्याच्या जोडीला शामेळाचा ढोल आणि कांसाळी, म्हणजे झांजा, आणि सगळ्यांच्या वर ह्यांचा आवाज. वाड्यावरचे, म्हणजे आमच्या वस्तीतले, लोक आरती आमच्याकडे ऐकायला येतात. गेल्या वर्षी चवथीला गोकूळने भीत भीत विचारलं, आरतीला गिटार घेऊन बसू का. हे म्हणाले, देवापुढे डबे वाजवायचे नसतात, डब्यासारखा वाजणार नाही असा कर, मग बघू. दुसरा कुणी असता तर तोंड फुगवून गेला असता. गोकूळने त्यातलं ‘मग बघू’ तेवढंच ऐकलं.

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. दादाने एकदा, देवापुढे, आपल्या वाद्यावर आरती म्हणावी. गिटार विकायची नव्हती, नाव कमवायचं नव्हतं. मला हे त्याने सांगितलं नाही, सुविधाने सांगितलं, आणि सांगताना ती हसली नाही.

तर त्या गिटारीसाठी तो लाकूड शोधत होता. शिमगा झाल्यावर कौलं शाकारायला माळ्यावर चढला आणि खाली उतरला तो एक फणसाची पट्टी घेऊन. जुनी, पिवळी, हातभर दीडहात लांब, दोन्ही टोकांना भोकं. जुन्या पाळण्याची लाकडं माळ्यावर पडली होती, त्यांच्यात ती मिळाली, म्हणून ती पाळण्याचीच, असं त्याने ठरवून टाकलं. मी आणि सुविधानेही बघितली आणि हो म्हटलं. आडवी धरून एका डोळ्याने बघत तो म्हणाला, इतक्या वर्षांत केसाइतकी वाकलेली नाही.

ती पाळण्याची नव्हती. माटोळीची होती. गोव्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला नारळाची पेंड म्हणजे अख्खा घड, सुपारीचे घोस, तोरंजन, चिबूड, रानातली कांगलां असं जे जे मातीतून उगवतं ते बांधतो. ती माटोळी. वर्षभर तिच्या पट्ट्या सोडवून, काथ्याने बांधून, माळ्यावर ठेवलेल्या असतात. उंदराने काथ्या कुरतडला आणि एक पट्टी घरंगळून पाळण्याच्या लाकडांत गेली. पण हे सगळं पुढे कळलं. तोवर गोकूळ कामाला लागला होता.

त्या एका मानेवर त्याने किती वेळ घातला ते देवालाच ठाऊक. आधी नुसती रंध्याची एक ओढ मारून ठेवून दिली. लाकडाला सवय होऊ दे, म्हणाला. मग तेल. तेल मुरेपर्यंत थांबायचं. मग पुन्हा घासायचं, पुन्हा तेल. पडदे बसवले, एक तिरका वाटला म्हणून सगळे काढले. पट्टीच्या पाठीवर कोयत्याचा एक जुना घाव होता. बाबली म्हणाला घासून टाक. गोकूळ म्हणाला, तो घालवायला गेलो तर मान बारीक होईल, राहू दे, अंगठा ठेवायला बरा आहे. गोंदाचा थेंब लावला नाही, सगळं स्क्रूवर बसवलं, इतकं घट्ट की सांधा दिसत नव्हता.

आणि सकाळी हे देवपूजेला बसले, स्तोत्र म्हणू लागले, की गोकूळ बाहेर जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, एक तार घेऊन बसायचा. ह्यांचा सूर कुठे लागतो ते शोधत. हलक्या बोटाने एकदा छेडायचा, मान हलवायचा, खुंटी पिळायचा. हे आतमध्ये, तो बाहेर, मध्ये भिंत. आत ह्यांना पत्ता नव्हता. मी तुळशीला पाणी घालताना बघायची.

चवथीच्या आदल्या दिवशी, म्हणजे तयेला, माटोळी बांधतात. त्या सकाळी ओटीवर फळांचा ढीग पडला होता आणि सगळे येणारे जाणारे त्याला अडखळत होते. गोकूळ धुतलेल्या पंच्यात गुंडाळून गिटार घेऊन आला आणि दादापुढे चटईवर ठेवली. ह्यांनी ती उचलली, वजन बघितलं, अंगठा तारांवरून फिरवला. ओटीवर एक आवाज पसरला, गोड आणि भरीव, आणि बराच वेळ राहिला. ह्यांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला.

“वायट नाय रे,” हे म्हणाले. “उद्यां बस आरतीक.”

‘वायट नाय’ ही आमच्या ह्यांची सगळ्यात मोठी पदवी आहे. माझ्या हातच्या जेवणाला एवढ्या संसारात दोनतीनदा मिळाली असेल. सुविधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. गोकूळ नुसता मान खाली घालून हसत होता.

मग माळ्यावरून चौकट उतरवली. पट्ट्या मांडल्या. एक कमी. पुन्हा मोजल्या, पुन्हा एक कमी. माळ्यावर शोधलं, पोटमाळ्यावर शोधलं, लाकडं ठेवायच्या कुडीत शोधलं. हे चिडायला लागले. दुसऱ्या दिवशी भट यायची वेळ ठरलेली, माटोळी त्याआधी वर जायला हवी. शोधणाऱ्या पोरांना हे ओरडून सांगत होते, कशी आहे ती नीट ऐका, फणसाची, दोन्ही टोकांना भोकं, पाठीवर कोयत्याचा घाव, बाबांचा हात चुकला होता तेव्हाचा.

मी गोकूळकडे बघितलं. तो चटईवरच्या गिटारीकडे बघत होता. आता खरं सांगते, तो गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मान तेल पिऊन लाल झाली होती, पडद्यांनी भरली होती, पट्टी म्हणून ती कुणी ओळखली नसती. दुसरी पट्टी ठोकून माटोळी वर गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी तो आरतीला बसला असता. वर्षभर ज्याच्यासाठी झिजला ते घडायला एक रात्र उरली होती. मला वाटलं, बोलू नको रे बाबा.

“दादा, ती पट्टी खंय गेली नाय,” तो म्हणाला. “ती ही. माका पाळण्याची वाटली.”

ह्यांनी गिटार उलटी केली, पाठीवरून बोट नेलं, घाव सापडला. रागाने हे लाल होतील असं मला वाटलं होतं. ते झाले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

“बाबान आपल्या हातान केलली चौकट ही,” हे म्हणाले. “देवाची वस्तू. सोड ती.”

मी मध्ये पडले. म्हटलं, अहो, लाकूड ते लाकूड, दुसरी पट्टी लावा, एका पट्टीने देव काय उपाशी राहणार आहे? पोराने वर्ष घातलंय त्यात. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आणि गोकूळ मलाच म्हणाला, “वयनी, दादाचां खरां आसा.” मग छपरीत जाऊन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला.

दुसऱ्या कुणी रागाने ओरबाडून काढलं असतं. गोकूळ चटईवर बसला आणि ज्या हाताने जोडलं त्याच हाताने सोडायला लागला. एकेक तार सैल केली, गुंडाळून कागदात ठेवली. खुंट्या काढल्या, फडक्यात बांधल्या. घोडी काढून खिशात ठेवली. मग पेटीतले स्क्रू, एकेक, वाटीत. मध्येच एक स्क्रू अडला तर जोर केला नाही, तेलाचा थेंब सोडून थांबला. सुंभाची दोरी हातात घेऊन हे उभे होते. एकदा म्हणाले, आटप. गोकूळने आटपलं नाही. त्याला ते येतच नाही. थोड्या वेळाने हे खाली पायरीवर बसले आणि बघत राहिले.

पट्टी माटोळीत परत गेली. बारीक झालेली, पाठीला गोल, पोटावर पडद्यांच्या चकचकीत रेघा. नारळाची पेंड नेहमी ह्याच पट्टीला बांधतात. ह्यांनी ती शेजारच्या पट्टीला बांधली आणि हिला फक्त सुपारीचा एक लहान घोस अडकवला. मी ते बघितलं, पण मी रागावलेली होते, म्हणून त्याला काही अर्थ द्यायचा नाही असं ठरवलं.

चवथ आली. देव बसले. मी ह्यांच्याशी ‘वाढू का’ आणि ‘पुरे का’ यापलीकडे बोलत नव्हते. आरतीला गोकूळ कांसाळी घेऊन बसला, तोंडावर तक्रार नाही, ताल बरोबर. त्याच्या त्या शहाणपणाचाच मला जास्त राग यायचा. भांडला असता तर बरं वाटलं असतं. छपरीच्या मेजावर ती बिनमानेची पेटी तशीच पडून होती, आणि सुविधाने तिच्यावर टॉवेल झाकला होता.

एके दुपारी सगळे आडवे झाले असताना मी देवाकडची समई बघायला गेले, तर हे स्टुलावर चढून माटोळीत हात घालून उभे. पडद्यांवरून बोट फिरवत होते. एक, दोन, तीन, खालपर्यंत, आणि परत वर. मला बघून ओशाळले. उतरून म्हणाले, हे सगळं त्याने हाताने केलं? मी म्हटलं, मग काय पायाने? आणि एकदा तोंड सुटलं ते सुटलंच. सांगितलं सगळं. तेल, घासणं, काढलेले पडदे. आणि सांगितलं की रोज सकाळी तुम्ही आत स्तोत्र म्हणता तेव्हा तो बाहेर जनेलाखाली बसून तुमचा सूर धरत होता. ती गिटार तुमच्या गळ्यावर बेतलेली होती, शर्ट बेतावा तशी.

हे देवाकडे वळले. मग म्हणाले, “मगे माका कित्या सांगूक नाय त्यान?”

“तुम्ही ऐकूक थांबतास कधी?” मी म्हटलं.

मी समईत तेल घातलं आणि आत गेले. बोलले ते बरं केलं की वाईट, मला कळत नव्हतं, पण पोटातलं ओझं उतरलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली. भटांनी मूर्ती जागेवरून हलवली. एकदा देव हलला की माटोळी उतरवायला हरकत नसते, तरी आम्ही ती तळीवर विसर्जन करून आल्यावर सावकाश उतरवतो. ह्यांनी मात्र तेव्हाच स्टूल ओढलं. सुपारीचा घोस सोडला, दोऱ्या सोडल्या, ती एक पट्टी काढली आणि धोतराच्या सोग्याने पुसली. गोकूळ ओटीवर पोरांना फटाके वाटून देत होता. हे त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“ही जोड,” हे म्हणाले. “तळयेर आरतीक होयी.” आणि मग, “चवथीक सोडूची, मगे परत जोडूची. देवाचीय ऱ्हवतली, तुझीय ऱ्हवतली.”

गोकूळला पट्टी हातात धरवेना. म्हणाला, दादा, निघायची वेळ झाली. ह्यांनी विचारलं, किती वेळ लागेल? गोकूळने पट्टीकडे बघितलं, बाहेर उतरत्या उन्हाकडे बघितलं आणि खरं ते सांगितलं, माका सांगूक येवचा नाय. हे म्हणाले, बरां.

आणि आम्ही थांबलो. वाड्यावरचे गणपती एकेक करून आमच्या दारावरून गेले. फटाके वाजत पुढे गेले. कुणी ना कुणी आत डोकावून विचारायचं, पांडुरंगदादा, तुमचे देव अजून घरात? हे म्हणायचे, तुम्ही चला फुडे. देव दारात पाटावर, आमचा साईश, गोकूळचा मुलगा, आणि त्याचे मित्र घुमट गळ्यात अडकवून उभे, मग बसलेले, मग कंटाळून शेव खाणारे. गोकूळ चटईवर बसून मान जोडत होता. एक स्क्रू हातातून निसटला आणि चटईखाली गेला, सगळी पोरं मोबाईलचे दिवे लावून जमिनीवर रांगली. सुविधाने पुन्हा चहा केला. एवढ्या वर्षांत मी ह्यांना कुणासाठी थांबलेलं पाहिलं नव्हतं. हे खांबाला टेकून बसले होते, आणि एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

तळीवर पोचलो तेव्हा काळोख पडत होता. सगळे आपापले देव पोचवून घरी गेले होते. पाण्यावर दूर्वा आणि फुलं तरंगत होती. पाट पायरीवर ठेवला, कापूर लावला. गोकूळ ह्यांच्या डाव्या हाताला बसला. घुमट सुरू झालं, ह्यांनी आवाज लावला आणि खालून ती गिटार आली. मला वाटलं होतं ती वेगळी ऐकू येईल. तसं झालं नाही. ह्यांचाच आवाज जरा रुंद झाल्यासारखा वाटला, एवढंच. सुविधाने माझा हात धरला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

दुसरं कडवं चाललं होतं. झिमझिम पाऊस सुरू झाला. नव्या जोडलेल्या तारा, ओली हवा, मधली तार उतरली. मलासुद्धा कळलं. गोकूळने झटकन तळहात तारांवर ठेवून ती गप्प केली आणि मान खाली घातली. घुमट चालूच होतं.

ह्यांनी हात वर केला. घुमट थांबलं. आमच्याकडे सुरू झालेली आरती मध्ये थांबवत नाहीत. घरात कुणी पडलं, कापूर विझला, तरी ती पुरी करतात. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

“लाय सूर,” हे म्हणाले.

“दादा, आरती मदीं...”

“देव थांबता. तू सावकाश लाय.”

साईशने तळहात कापराच्या आडोशाला धरला. गोकूळ वाकला, कान तारेजवळ नेला, खुंटी जराशी पिळली, छेडली, मान हलवली, पुन्हा पिळली. पाऊस थोडा वाढला. आमच्याजवळ एकच छत्री होती आणि ती ह्यांच्या हातात होती. ती त्यांनी गिटारीवर धरली होती, आणि हे स्वतः भिजत उभे होते.